सोनाजीनं राखलेली रांग

सोनाजीला मोजायची खोड होती. मेंढरं होती तेव्हा मेंढरं मोजायचा, दोन-दोनच्या जोडीनं, ओठ न हलवता. मेंढरं विकून वॉचमन झाला तेव्हा सोसायटीतल्या गाड्या मोजायचा. आता बासष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, तो घराच्या ओट्यावर बाज टाकून बसायचा आणि लेकीच्या दुकानात आत-बाहेर करणारी पोरं मोजायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण सकाळी आत गेलेलं डोकं संध्याकाळी कुठं गेलं, हे कळल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नव्हती.

घर हर्सूलच्या पुढं, जटवाडा रोडला. गुंठेवारीतला प्लॉट, तेरा सालच्या दुष्काळात सगळा कळप विकून घेतलेला. आठ मेंढरं तेवढी मागं ठेवली होती, विकायला जीव होत नव्हता म्हणून, आणि त्यांच्यासाठी सोनाजीनं पुढची खोली बांधली होती. तेव्हा आजूबाजूला नुसतं माळरान होतं. पुढं ती आठही गेली. माळरानावर फ्लॅट उभे राहिले, ज्या बाभळीखाली तो दुपारची भाकर सोडायचा तिथं एटीएम आलं, आणि पुढच्या खोलीत शीलानं बारा कॉम्प्युटर मांडले. हवा दमट झाली की त्या भिंतींना अजून लोकरीचा वास सुटायचा. पोरं नाक वर करून विचारायची, ताई, कशाचा वास येऊ राहिला? शीला उदबत्ती लावायची आणि म्हणायची, नव्या रंगाचा.

शीला सव्वीस वर्षांची. पैठण गेटजवळच्या एका दुकानात पाच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून तिनं हात बसवला होता. जुन्या मशिनी घेतल्या, आतून नव्या केल्या. खुर्च्या शहागंजातल्या एका मंडपवाल्याकडून उचलल्या, पाठीला अजून सोनेरी झालर असलेल्या. दाराबाहेर पाटी लावली: 'शीला गेम झोन. चपला बाहेर काढा.' पाटीतलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात होतं, कारण पाइपलाइनसाठी खोदलेल्या रस्त्याची धूळ मशिनीच्या पोटात गेली की पंखे बसायचे.

थोरल्या लेकाला, रामप्रसादला, ती खोली पाहिजे होती. तो फ्लॅटमधी फरशी बसवायची कामं घ्यायचा आणि त्याच्या मतानं रोडला लागून असलेली जागा म्हणजे टाइल्सच्या दुकानासाठीच देवानं केलेली. तो काही वाईट माणूस नव्हता. बहिणीला इन्व्हर्टर त्यानंच आणून दिला होता. पण दर दोन-चार दिवसांनी यायचा, खोलीत मोजायचा टेप ताणून बघायचा, आणि खोली जणू रात्रीत आखडली असेल तसा चेहरा करून परत गुंडाळायचा.

पाडव्याला दोघं बहीण-भाऊ सोनाजीपुढं बसले. रामप्रसादचं म्हणणं, गेमची पोरं आज येतेत, उद्या दुसरीकडं जातेत, त्यांचा काय भरवसा. शीलाचं म्हणणं, मे महिन्यात एक नवी गेम येऊ राहिली, पूर्ण जगात एकाच टायमाला सुरू होणार, त्या दिवशी बघा. सोनाजीनं बराच वेळ घोंगडीची दशी ओढली आणि मग मेंढक्याचा निकाल दिला.

"त्या दिवशी सकाळी जेवढी डोकी आत येतील," तो म्हणाला, "तेवढी दिवस मावळताना मला मोजून दिसली पायजेत. भरली, तर खोली शीलाची, पुन्हा कुणी टेप लावायचा नाय. एक जरी कमी भरलं, तर रामपरसादची."

शीला लगेच हो म्हणाली. तिला ठाऊक होतं, त्या दिवशी पोरं पाणी प्यायलासुद्धा उठायची नाहीत.

गेमचं नाव लई लांबलचक इंग्रजी होतं. पोरं नुसतं 'टॉवर' म्हणायची. एक उंच बुरूज, त्याचे शंभर मजले, आणि खालून वर जायचं, सगळ्या जगातल्या पोरांशी लढत. रविवारी सकाळी साडेअकराला दार उघडणार होतं. शीलानं चार दिवस आधीपासून ती गेम बाराही मशिनींवर उतरवून ठेवली. वायरी तपासल्या, इन्व्हर्टरला पाणी घातलं, कूलरची गवताची जाळी बदलली. नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं, म्हणून दोन माठ शनिवारीच भरून ठेवले. तिला जेवढं सुचलं तेवढं सगळं तिनं केलं.

रविवारी सव्वाअकराला सोनाजीनं डोकी मोजली. सहा जोड्या, बारा. त्यात एक पोरगी, तनुजा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. ती आली की पोरांची भाषा आपोआप सुधारायची. आणि एक विश्वजीत, चार नंबरच्या खुर्चीवरचा, घोळक्यात सगळ्यात पुढं चालायची आणि सगळ्यांत आधी बांध ओलांडायची खोड असलेलं मेंढरू कसं असतं, अगदी तसा. त्यानं आल्या आल्याच जाहीर केलं होतं की हर्सूलमधून बुरजावर पहिला पाय आपला पडणार.

साडेअकरा वाजले. बारा बोटांनी बारा बटणं दाबली. पडदा काळा झाला, मग त्यावर पांढरी अक्षरं आली, आणि आत एकदम सामसूम झाली.

सर्व्हर बसला होता.

सोनाजीला आधी वाटलं लाईट गेली. पण कूलर तर घरघरत होता. आतून फक्त टकटक ऐकू यायला लागली, गारा पत्र्यावर पडाव्यात तशी; बाराही जणांनी बटणं बडवायला घेतली होती. मधूनच एखाद्याला रांगेचा नंबर मिळायचा. अडोतीस हजार, एक्केचाळीस हजार. विश्वजीतला अडोतीस हजार काहीतरी आला. एवढा मोठा आकडा बघून त्याला राग आला, त्यानं गेम बंद करून पुन्हा उघडली, तर एकसष्ट हजार झाला. मग त्यानं आणखी रागानं तेच केलं. त्याचं बघून शेजाऱ्यानं केलं. दहा-पंधरा मिनिटांत बाराही पडद्यांवर एकाच रंगाची तांबडी पाटी झळकली, आणि शीला कपाळाला हात लावून मधल्या खुर्चीच्या पाठीवर टेकली.

पोरं तिच्यावर उखडली. तुमचं नेटच बेकार, म्हणाली. टीव्ही सेंटरला चाळीस मशिनींचं नवं एसीवालं सेंटर उघडलंय, तिथं आतापर्यंत पहिला मजला पार झाला असेल. विश्वजीत उठला, त्याच्यामागं दोघं उठले.

"ताई, इधर नक्को अब," विश्वजीत म्हणाला. "आम्ही चाललो."

शीलानं एकदाच दाराकडं बघितलं. बाजेवर बाप बसला होता, आणि त्याचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. बारातून तीन गेले की किती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

खोली कुणाची हे ठरवायला बसलेला माणूस मध्ये पडत नसतो, हे सोनाजीला कळत होतं. पण लेकीचा चेहरा त्यानं याआधी एकदाच असा बघितला होता, आठवं मेंढरू गाडीत चढवलं त्या दिवशी. तो गुडघ्यावर हात देऊन उठला, दारात उभा राहिला आणि विचारलं, त्या तांबड्या पाटीवर लिवलंय तरी काय?

शीलानं सांगितलं. या एका ठिकाणावरून फार वेळा दार वाजवलं गेलंय, आता अर्धा तास थांबा. बारा मशिनी असल्या तरी बाहेर जाणारी वायर एकच, त्यामुळं तिकडच्याला हे एकच दार दिसतं, आणि एकाच दारातून मिनिटाला शंभरदा हाका आल्या की त्याला वाटतं कुणी खोडी काढू राहिलं. तिकडं आधीच जगाची गर्दी, त्यात आपण असं केलं.

"आन् रांगेतून भाईर पडलं की?"

"मागं. पार मागं."

"पानी हाय तिकडं? का आटलंच?"

शीलाला क्षणभर कळलं नाही. मग म्हणाली, हाय आबा, थोडं थोडं येतंय. सोडू राहिले एकेकाला आत.

"मंग हा तर झिरा हाय," सोनाजी म्हणाला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा झाला.

बहात्तरच्या दुष्काळात सोनाजी दहा वर्षांचा होता. विहिरींना तळ दिसत होता. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून एक खड्डा केलेला, त्यात खालून बोट-बोट पाणी झिरपायचं, आणि सगळं गाव त्यावर. पहिल्या दिवशी बायांनी चहूबाजूंनी एकदम वाट्या घातल्या. पाणी कुणालाच मिळालं नाही, नुसता गाळ ढवळला, काठ ढासळला, आणि दोघींची डोकी फुटली. तेव्हा सोनाजीच्या आईनं, सारजाबाईनं, झिऱ्याचा कारभार हातात घेतला. तिनं केलेले कायदे चारच होते. झिऱ्यात एका वेळी एकच वाटी. बाकीच्यांनी दहा पावलं मागं बसायचं. रांगेत माणसानं उभं राहायचं नाही, हंडा ठेवायचा. हंडा जागा धरतो, माणूस सावलीला जातो. आणि जो कुणी रांग मोडेल, त्याचा हंडा उलटा घालायचा. चार महिने गाव त्या एका खड्ड्यावर जगलं. दिवसभर राखणीला सोनाजी बसायचा, कारण त्याला मोजता यायचं.

हे सगळं त्यानं पोरांना उभ्या उभ्या सांगितलं, हातानं वाळू उकरल्यासारखं करत. विश्वजीत एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं की आबा, इथं हंडे कुठून आणायचे.

सोनाजीनं ओट्याकडं बघितलं. चपला, सँडल, बूट, सगळा ढिगारा.

ज्या क्रमानं पोरं आली होती त्या क्रमानं त्यानं प्रत्येकाची एकेक चप्पल भिंतीला लावून मांडली. दुसरी बाजेखाली टाकली. आणि बाजेवर बसला. ज्याला जायचं असेल त्यानं जावं, म्हणाला, आपली काही जबरदस्ती नाय. पण रांग मोडली की त्याची चप्पल मी उलटी घालणार, आणि उलट्या चपलेनं घरात भांडणं लागतात हे तुमच्या आयांना विचारा. बाहेर मे महिन्याचं साडेबाराचं ऊन होतं. खोदलेल्या रस्त्यावरची खडी तव्यासारखी तापलेली. एका पायात चप्पल घालून टीव्ही सेंटरपर्यंत जायचं म्हणजे लंगडीचा सामना. विश्वजीतनं रस्त्याकडं बघितलं, बाजेखाली बघितलं, आणि आत जाऊन बसला.

शीलानं बापाकडं बघितलं. बाप भिंतीकडं बघत होता.

अर्धा तास कुणी बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं. आणि हे भारीच अवघड निघालं. हात कुठं ठेवायचे हेच पोरांना कळेना. एकानं मांडीखाली घालून ठेवले. तनुजानं सगळ्यांना विचारून विचारून कुणाला बुरजावर काय काय करायचं ते वहीत लिहून काढलं. माठ निम्म्यावर आला. पाटी गेली तेव्हा शीलानं काउंटरवरच्या मशिनीवरून पहिली वाटी घालून बघायचं ठरवलं. तेरावी मशीन, हिशेबाला ठेवलेली, पण गेम तिच्यावरही उतरवलेली होती.

"माझाबी हंडा लाव की," सोनाजी दारातून म्हणाला.

पोरं हसली. शीलानं मात्र खरंच बापाच्या नावानं खातं उघडलं. कॉम्प्युटर म्हणाला, सोनाजी या नावाचा कुणीतरी आधीच आहे, पुढं आकडा लावा. सोनाजीला हे काही पटेना. हा दुसरा सोनाजी कोण, कुठल्या गावचा, कुणाचा, हे त्यानं तीन-चारदा विचारलं. शेवटी आकडा सांगितला, बहात्तर. 'सोनाजी बहात्तर' चौरेचाळीस हजारांच्या मागं रांगेत लागला. मग पाच मिनिटं थांबून एक नंबरची मशीन, आणखी पाच मिनिटांनी दोन नंबरची. चपलांच्या क्रमानं. ज्याचा नंबर लागला त्यानं खुर्चीतून उठायचं आणि सावलीला, म्हणजे ओट्यावर, येऊन बसायचं. मशिनीजवळ कुणी थांबायचंच नाही, हात शिवशिवतात.

दोनच्या सुमाराला बाराही हंडे रांगेला लागले होते.

मग दुपार अशी गेली की शीला पुढं कित्येक दिवस ती आठवून हसायची. पोरं ओट्यावर सावलीच्या पट्टीत ओळीनं बसली. सोनाजीनं आतून कांदा, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आणायला लावला. ज्या पोरांना घरी आईनं भाकर वाढली तर तोंड वाकडं करायची सवय होती, त्यांनी तेल मागून मागून ठेचा खाल्ला आणि नाकं पुसली. तिकडच्या एसीवाल्या सेंटरातल्या एका दोस्ताचा फोन आला: चाळीसही मशिनींवर तांबडी पाटी आहे, तिसऱ्यांदा, आणि मालक पोरांवर ओरडू राहिला. विश्वजीतनं फोन स्पीकरवर लावला आणि पुन्हा एकदा सांग म्हणाला.

सोनाजी दर थोड्या वेळानं आत फेरी मारायचा आणि आकडे मोठ्यानं ओरडून सांगायचा, टँकरवर सांगायचा तसं. सोसायटीला वॉचमन असताना टँकरचे नंबर तोच लावायचा. सात नंबर, बारा हजार. सहा नंबर, साडेसहा हजार. चार नंबर, नऊशे.

नऊशे ऐकल्यावर विश्वजीत उठून नाचला.

तीनच्या सुमारास, पोरं ऐन गप्पांत असताना, सोनाजी पुन्हा आत गेला. चार नंबरच्या पडद्यावर माशी बसली होती, नेमकी आकड्यावर. सोनाजीला आकडा दिसेना. त्यानं उपरण्याच्या टोकानं माशी झटकली. माशी उडाली, खालच्या माऊसवर बसली. त्यानं तिथंही झटकलं.

टक असा आवाज झाला. पडदा काळा झाला, आणि मग आकडा आला: सत्तावन्न हजार.

सोनाजी तिथंच उभा राहिला. खोलीत कुणी नव्हतं. मशीन आपोआप बिघडली म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. सकाळपासून सगळंच आपोआप बिघडत होतं. त्याला झिरा आठवला. राखणीला असताना एकदा त्याच्या पायानं एका म्हातारीचा भरलेला हंडा लवंडला होता, आणि त्यानं वाऱ्याचं नाव सांगितलं होतं. सारजाबाईनं स्वतःचा भरलेला हंडा उचलून म्हातारीच्या डोक्यावर ठेवला. त्या रात्री त्यांच्या घरी पाणी नव्हतं.

तो ओट्यावर आला.

"विश्वजीत," तो म्हणाला, "तुझा हंडा माझ्या हातून सांडला बाबा."

विश्वजीत आत पळाला, आकडा बघून आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाजेखालचा आपला बूट त्यानं पायानं ओढला. शीला उठून उभी राहिली आणि काही बोलणार, तोच सोनाजीनं हात वर केला.

"राखणदारानं सांडला तर राखणदाराचा भरलेला हंडा त्याला मिळतो," तो म्हणाला. "माझा घे. काउंटरवर हाय."

'सोनाजी बहात्तर' त्या घडीला तीनशे दहावर होता. सगळ्यांत आधी लावलेली वाटी. पोरांनी हे गणित विश्वजीतच्या आधी केलं आणि ओरडा सुरू झाला. विश्वजीत आधी म्हणाला की मला माझ्या नावानं चढायचं होतं, म्हाताऱ्याच्या नावानं कोण चढतं. मग तीनशे दहाचा दोनशे झाला. तसा तो जाऊन मालकिणीच्या फिरत्या खुर्चीवर बसला, पाठ ताठ करून.

साडेतीनला दार उघडलं. काळ्या पडद्यावर डोंगर आला, धुकं आलं, आणि बुरजाच्या पायथ्याशी कुऱ्हाड घेतलेला एक गडी उभा राहिला, डोक्यावर नाव 'सोनाजी बहात्तर'. सगळी पोरं काउंटरभोवती गोळा झाली. सोनाजीनं चष्मा लावून त्या गड्याला निरखून बघितलं आणि म्हणाला, डोक्याला कायतरी बांध म्हणावं, ऊन लागंल. हर्सूलमधून बुरजावर पहिला पाय पडला तो सोनाजीचा.

त्यानंतर एकामागं एक नंबर येत गेले. पाचपर्यंत अकराही जणं आत होती. आपापल्या दोस्तांना त्यांनी कळवलं होतं, त्यामुळं नवी पोरं यायला लागली होती. ती ओट्यावर चपला ओळीत मांडून बसायची आणि आतल्या आरोळ्यांवरून कोण कितव्या मजल्यावर गेलं ते ठरवायची. चार नंबरची खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोरचा आकडा, आता सोनाजीचा, सत्तावन्न हजारावरून उतरत उतरत दिवस मावळायच्या सुमाराला नुसत्या चोवीसवर आला. सोनाजी मधूनच तिथं जाऊन बसायचा, हात मांडीखाली घालून.

पावणेसातला रामप्रसाद आला, कपड्यांवर सिमेंटची पांढरी धूळ आणि खिशात टेप. उन्हं फ्लॅटच्या टाक्यांवर चढली होती. त्यानं आत डोकावलं, भरलेल्या खुर्च्या मोजल्या आणि अकरा म्हणाला. शीलानं काउंटरकडं बोट दाखवलं. रामप्रसादनं मान डोलावली, बारा. पण मग त्याचं लक्ष बाजेखाली गेलं. सगळ्या पोरांची एकेक चप्पल तिथं अजून तशीच होती. तो खाली वाकला, एक उचलली, बापाकडं बघितलं, आणि हळूहळू त्याला सगळं कळलं.

"आबा, हे वाघर लावून मोजणं झालं," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलं ना, मोजायचं तर जाळी उघडून मोजायचं."

पोरगा खरं बोलत होता. मेंढरांच्या भोवती लावलेली जाळी, वाघर, उघडून, एकेक मेंढरू दारातून जाऊ देऊन मोजतात. आत कोंडून मोजलेली संख्या कुणी धरत नाही. सकाळी लेकीचा चेहरा बघून सोनाजीनं जे केलं होतं ते आता मोकळ्या उन्हात पडलं होतं. त्यानं शीलाकडं बघितलं. ती म्हणाली, मोजा आबा. जाळी उघडून मोजा.

सोनाजीनं गुडघे टेकून बाजेखालच्या सगळ्या चपला बाहेर काढल्या आणि एकेक जोडी लावून ओट्याच्या पायरीवर ठेवली, तोंडं रस्त्याकडं करून. मग दारात जाऊन सांगितलं की दिवस मावळायला आलाय, ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं, कुणाची चप्पल उलटी होणार नाही.

आणि त्याच घडीला सर्व्हर बसला.

सगळेच पडदे एकदम काळे झाले. आतून एक लांब सुस्कारा आला, सगळ्यांचा मिळून एक. टकटक मात्र आली नाही. खुर्च्या सरकल्या. तनुजा सगळ्यांत आधी बाहेर आली, पायरीवर गेली. मग दुसरा आला, तिसरा आला. रामप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. बहिणीकडं बघायचं त्यानं टाळलं. शीला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सोनाजीचा अंगठा पेरांवर थांबला होता.

तनुजानं आपल्या जोडीतली एक चप्पल उचलली, भिंतीजवळ गेली, आणि ओळीत पहिली ठेवली. दुसरी तिनं हातानं बाजेखाली सरकवली.

"पहिली वाटी काउंटरची," ती आत बघून म्हणाली. "बाकीच्यांनी हात लावू नका रे. सात वाजता एक नंबर."

तिच्यामागं दुसऱ्यानं ठेवली, तिसऱ्यानं ठेवली. ओट्यावर बसलेल्या नव्या पोरांना जुन्यांनी झिऱ्याचे कायदे समजावून सांगायला घेतले, हातानं वाळू उकरल्यासारखं करत. एकाला घाई होती, तो म्हणाला सारखं दाबत राहिलं तर कधी ना कधी लागतं; त्याला चौघांनी मिळून गप्प बसवलं. सगळ्यात शेवटी विश्वजीत आला. त्यानं आपला बूट ओळीच्या टोकाला ठेवला. मग पायरीजवळ पडलेलं सोनाजीचं टाचेला झिजलेलं कातडी पायताण उचललं आणि आपल्या बुटाच्या पुढं ठेवलं.

"आबा, तुमचा नंबर माझ्या आधी," तो म्हणाला. "तुम्ही चोवीसवर होते."

सोनाजीनं रांग मोजली. जोड्या नव्हत्या, एकेक चपलाच होत्या, तरी त्यानं दोन-दोन करूनच मोजली, ओठ न हलवता. सकाळची बारा. वर स्वतःचं एक पायताण. आणि नव्यांच्या सहा.

"किती?" रामप्रसादनं विचारलं.

"तू मोज," सोनाजी म्हणाला. "जाळी उघडीच हाय."

रामप्रसादनं मोजलं. मग खिशातला टेप काढला. शीलाला वाटलं आता हा काय मोजतोय. त्यानं ओट्याची लांबी घेतली, भिंतीपासून पायरीपर्यंत, आणि म्हणाला की इथं एवढी पोरं बसणार तर ओटा दोन फूट पुढं घ्यायला पाहिजे, त्याच्याकडं एका साइटवरची फरशी उरली आहे, पिवळी आहे पण चालंल. शीलानं त्याला ठेच्याची वाटी आणून दिली. तो पायरीवर बसला, आधी चप्पल काढून ओळीत ठेवली की नाही ते कुणी बघितलं नाही, पण थोड्या वेळानं सोनाजीनं पुन्हा मोजलं तेव्हा रांगेत एक सिमेंटनं माखलेली चप्पल जास्तीची भरली.

सोनाजी आत जाऊन चार नंबरच्या सोनेरी झालरीच्या खुर्चीवर बसला. त्याची पाळी आल्यावर शीलानं त्याच्यासाठी रांग लावून दिली. आकडा आला: एकतीस हजार. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले.

"लई नाय," तो म्हणाला.